शेजारच्या प्लॉटातले गोंडेवाले

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी माय आमच्याकडे राहायला आली. समुद्रपूरकडचं शेत तिनं बाबांच्या चुलतभावाला ठेक्यानं दिलं, घराला कुलूप लावलं आणि एक पेटी, दोन गोधड्या आणि एक सूप घेऊन वर्ध्याच्या स्टँडवर एसटीतून उतरली.

"सूप कशाले आणलं वं?" मी विचारलं.

"तुह्या घरी असंन का नसंन, मले काय ठाऊक?"

नव्हतंच.

आमचं घर सिंदी मेघेला, ले-आउटच्या शेवटच्या गल्लीत. आमच्या मागच्या बुटक्या भिंतीपलीकडे तीन रिकामे प्लॉट आहेत, म्हणजे तेव्हा तीन होते. जमीन मुरमाड. पावसाळा सरला की तिथे कमरेइतकं कुसळीचं गवत उभं राहतं, मधूनमधून मारवेल, आणि एका कोपऱ्यात बोरीचं झुडूप. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नवरा पशुसंवर्धन खात्यात, गावोगाव फिरून जनावरांना लसी टोचतो. दोघंही सकाळी बाहेर पडणार, संध्याकाळी येणार. दिवसभर घरात माय एकटी. तिनं कधी तक्रार केली नाही. पण मी घरी आले की कळायचं, आज पुन्हा सगळी भांडी फळीवरून उतरवून घासली गेली आहेत. टीव्ही तिला आवडत नसे. संध्याकाळची वंदना आटोपली की ती चहाचा कप घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसायची आणि गवताकडे पाहत राहायची.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली.

"इकडे ये वं. हे पाह्य. उंदरायनं बिळं केली."

भिंतीपलीकडे, गवताच्या बुडाशी, ताज्या मुरमाचे चार-पाच छोटे ढीग होते. मायच्या कपाळावर मला ओळखीची आठी दिसली. हरभऱ्याच्या दिवसांत ती असायचीच. गावी असताना माय आणि बाबा बिळांच्या तोंडाशी गोवऱ्या आणि मिरच्या पेटवून धूर कोंडायचे. घाट्यांचा ढीग बिळात सापडला की बाबा तो ओंजळीनं वर काढत आणि माय त्या उंदरांच्या सात पिढ्या उद्धरत असे.

नवरा घरात शिरताच तिनं त्याला सांगून टाकलं, "जवाई, उद्या येताना औषध आणजा. उंदराचं."

"आणतो ना मामी," तो म्हणाला. सासूला तो मामीच म्हणतो. त्याला सापाची फार भीती आहे. जिथे उंदीर तिथे साप, हा त्याचा हिशोब.

मी म्हटलं, "थांबा जरा. कोणता उंदीर आहे ते तं पाहू."

"उंदीर तो उंदीर. त्याच्यात कोणता काय?" माय म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी अंधारायच्या सुमारास ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. हातातला कप थंड झाला तरी आम्ही हललो नाही.

सूर्य गेला, गवत राखाडी झालं. एका बिळाच्या तोंडावरचा सैल मुरूम आतून ढकलल्यासारखा हलला. आधी दोन मोठे डोळे दिसले. मग एक प्राणी बाहेर येऊन मागच्या पायांवर ताठ उभा राहिला. रंग वाळक्या गवताचा, पोट पांढरं स्वच्छ, कान लांबट. मागचे पाय पुढच्यांपेक्षा कितीतरी लांब, आणि शेपूट अंगापेक्षा मोठी, तिच्या टोकाला काळ्या केसांचा गोंडा. त्यानं नाक वर करून हवेचा वास घेतला, दोन उड्या मारल्या आणि गवतात शिरला. त्याच्या मागून दुसरा आला. दोघं समोरासमोर येऊन एकमेकांचं नाक हुंगून पुन्हा वेगळे झाले.

"हा उंदीर व्हय?" माय कुजबुजली. "हे तं हरणाचं पिल्लू दिसते."

मी तिला सांगितलं की हा घरातला उंदीर नाही आणि घूसही नाही. हा माळावरचा. ह्याला गवत लागतं आणि मोकळी, निचऱ्याची जमीन लागते. काळ्या चिकट मातीत तो सहसा घर करत नाही. पुस्तकात मी त्याचं चित्र वर्षानुवर्षं दाखवत आले होते. खरं सांगायचं तर इतक्या जवळून, इतक्या निवांत, मीही पहिल्यांदाच पाहत होते.

"म्हंजे आपल्या हरभऱ्यात होते ते हे नाई?"

"ते दुसरे होते. हे शेतात जातच नाहीत असं नाही वं. पण इथं कोणाचं शेत आहे?"

मायनं विचार केला. "इथं तं कोनाचंच काई नाई," ती म्हणाली. रात्री जेवताना तिनं जावयाला सांगितलं, "औषध राहू द्या. ते गोंडेवाले हायेत."

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव तेच.

*

त्यानंतर वर्षभर आम्ही त्यांच्या शेजारी राहिलो. मी कॉलेजातून आले की माय दाराशीच बातमी द्यायची. "वरच्या बिळाचं तोंड आज बुजवलं नाई त्यायनं." किंवा, "मुंगसानं बोरीखालचं घर उकरलं, पन आत काई गावलं नाई त्याले. मागून दार हाये ना त्यायले."

मागचं दार असतंच. एका घराला चार-पाच तोंडं असतात, आतून सगळी जोडलेली. दिवसा बरीचशी सैल मातीनं बंद केलेली, म्हणजे आतला ओलावा आतच राहतो आणि सापाला सरळ रस्ता मिळत नाही. काही गोष्टी मी मायला सांगायची, काही ती पाहून मला सांगायची, आणि आम्ही दोघी चुकलो की एकमेकींना लाज काढल्याशिवाय सोडत नसू. सगळ्या बिळांत मिळून एकच मोठं कुटुंब राहतं असं तिचं मत होतं. मी म्हणायची, नाही, वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. बोरीखालचा एक मोठा नर भिंतीकडच्या बिळापाशी गेला आणि तिथल्या मादीनं त्याला उभं राहून पुढच्या पायांनी बडवून काढलं, तेव्हा मायनं माझं म्हणणं मान्य केलं. "बरोबर हाये बाई तुहं. हे भावकी नाई, शेजारी होत."

एका गोष्टीवरून मात्र आमचं जुंपायचं. मी बजावलं होतं, त्यांना खायला घालायचं नाही. सवय लागते, मग ते घरापर्यंत येतात. मायनं मान डोलावली. पण तिचं सूप आता रोज संध्याकाळी मागच्या भिंतीपाशी निघायचं. ज्वारी पाखडायला, तूर पाखडायला, कधी निवडलेला तांदूळ उगाच पुन्हा पाखडायला. कोंड्याबरोबर बरेच दाणे भिंतीपलीकडे जायचे.

"माय, तू त्यांना खाऊ घालून राह्यली."

"मी पाखडून राह्यली. वारा तिकडे नेते त्याले मी काय करू?"

उन्हाळ्यात गवत वाळून भुईसपाट झालं तेव्हा मला वाटलं, आता हे कुठे जाणार? ते कुठेच गेले नाहीत. गवताची मुळं उकरून खात होते, भुंगेरे पकडून खात होते. वैशाखात आमचा कूलर घरघर करत असायचा आणि तरी आम्ही घामेजलेले, तेव्हा माय मागच्या दाराकडे हात करून म्हणायची, "ते पाहा, त्यायले लाइटही लागत नाई." विजेच्या खांबावर एक पांढरं घुबड येऊन बसू लागलं. पहिल्या दिवशी मायनं त्याला हाकललं. पण ते रोज यायचं, आणि ते आलं की गवतातून टप-टप-टप असा आवाज यायचा. गोंडेवाले मागचे पाय जमिनीवर आपटून एकमेकांना सावध करायचे आणि क्षणात सगळं रिकामं व्हायचं. एकदा घुबडानं झडप घालून एकाला नेलंच. माय उठून भिंतीपाशी गेली. मग म्हणाली, "त्या घुबडाच्या घरी बी लेकरं वाट पाहत असतीन." त्यानंतर तिनं घुबडाला कधी हाकललं नाही. पाखडायचं मात्र उजेड असतानाच उरकायला लागली, म्हणजे दाणे टिपायला त्यांना उघड्यावर जास्त वेळ थांबावं लागू नये.

*

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस स्कूटरवरून एक गृहस्थ आले. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि चुन्याची पुडी. आमच्या भिंतीला लागून असलेला प्लॉट त्यांचा होता. हिंगणघाटकडे शाळेत शिक्षक, निवृत्ती जवळ आलेली, आता घर बांधायचं ठरवलं होतं. रविवार असल्यानं मी घरीच होते. मायनं त्यांना हाक मारून मागच्या पायरीवर बसवलं आणि चहा दिला. त्यांचे दोन घोट होईपर्यंत ती थांबली.

"गुरुजी, एक गोष्ट सांगतो. तुमच्या प्लाटात राह्यणारे हायेत."

गुरुजींची बशी ओठांपाशी थांबली. "राहणारे? कोण? कधीपासून?"

"मीच वर्सापासून पाहून राह्यली. त्याच्या आंधीचं मले ठाऊक नाई."

"अहो पण मावशी, रजिस्ट्री माझ्या नावावर आहे! टॅक्स भरतो मी!"

"भरत असान. त्यायले कोन सांगंन?"

गुरुजी उभे राहिले. गवतावरून त्यांची नजर इकडून तिकडे फिरली. झोपडी नाही, ताडपत्री नाही, चूल नाही. "किती जण आहेत?"

"आठ-दहा असतीन. लेकरं धरून जास्तीच."

मला हसू आवरेना. मी पुढे होऊन त्यांना बिळं दाखवली. गुरुजी आधी रागावले, मग हेल्मेट काढून खाली वाकले आणि बिळाच्या तोंडाशी असलेला मुरूम बोटानं चाचपून पाहिला. "मावशी," ते म्हणाले, "माझं बीपी आहे हो."

ते संध्याकाळपर्यंत थांबले. गोंडेवाले बाहेर आल्यावर त्यांनी खिशातला मोबाइल काढला, पण फोटोत नुसता अंधार आला. जाताना त्यांनी सांगितलं की पंधरा दिवसांनी जेसीबी येणार आहे, त्याच्याआधी जे काही करायचं ते करा, माझी ना नाही.

काय करायचं हे मला स्पष्ट दिसत नव्हतं. पलीकडचे दोन प्लॉट होते, पण तिथे आधीच दुसरी बिऱ्हाडं होती आणि त्यांनी ह्यांना टिकू दिलं नसतं. आपोआप पळून जातील म्हणावं, तर जेसीबीच्या दातांपुढे कोण आणि कसं पळणार? दिवसा ते आत झोपलेले असतात.

"पकडू न् दुसरीकडे सोडू," माय म्हणाली.

तिनं आधी बाबांच्या त्या चुलतभावाला फोन लावला, ज्याला शेत दिलं होतं त्याला. फोन स्पीकरवर होता. मायनं त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "वहिनी, तब्येत बरी हाये ना? आमी इथं उंदीर मारून मारून थकलो न् तुमी आनून सोडून राह्यल्या?"

"हे दुसरे होत."

"दुसरे बी हरभराच खातीन ना? भाजी-भाकर खातीन काय?"

त्याचं काही चुकत नव्हतं, आणि मायलाही ते ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. आमचं हे चाललेलं नवरा ऐकत होता. वर्षभर तो गोंडेवाल्यांच्या भानगडीत पडला नव्हता, मागच्या दाराशी आला तरी पायांत बूट घालूनच. पण तोच म्हणाला, "आर्वीच्या वरच्या अंगाला एक घर आहे माझ्या ओळखीचं. गवळाऊ जातीच्या गायी आहेत त्यांच्या. टेकडीभर गवत राखून ठेवतात, तिथे पीक-बीक काही नाही. विचारून पाहू काय?"

मायनं त्याच्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की मला लग्नानंतर पहिल्यांदाच थोडा हेवा वाटला.

*

गल्लीतून आणि कॉलेजातून आम्ही पिंजरे गोळा केले. आत शेंगदाणे आणि तेल लावलेला भाकरीचा तुकडा. पहिल्या संध्याकाळी एका पिंजऱ्यात चिचुंद्री आली आणि दुसऱ्यात शेजारच्यांचं मांजरीचं पिल्लू. दुसऱ्या संध्याकाळी मात्र दोन गोंडेवाले आले. आता ह्यांना बाकीचे सापडेपर्यंत ठेवायचं कुठे? हिवाळ्यामुळे कूलर मोकळाच पडला होता. मोटर आणि पंखा काढला, तळाला मुरूम टाकला, आत लाकडी फळीनं दोन भाग केले, वरून जाळी बांधली. सकाळी पाहिलं तर त्यांनी कूलरच्या जाळ्यांमधलं गवत उपसून, बारीक बारीक कातरून, कोपऱ्यात गोल गोल घरटी केली होती आणि त्यात अंगाचा चेंडू करून झोपले होते.

"आणि उन्हाळ्यात आपण काय करायचं?" नवरा म्हणाला.

"नवं गवत भरजा," माय म्हणाली. "हे त्यायनं चांगलंच कातरलं."

तिसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बिळापाशी एक मादी सापडली. मी पिंजरा उचलून खालून पाहिलं. तिची आचळं फुगलेली होती, भोवतालचे केस गेलेले. आत कुठेतरी डोळे न उघडलेली पिल्लं होती.

"माय, हिला पिल्लं आहेत."

माय लगेच पुढे झाली. तिनं माझ्या हातून पिंजरा घेतला, त्याच बिळाच्या तोंडाशी नेला आणि दार उघडलं. मादी आत गेली, आणि थोड्याच वेळात आतून माती लोटून तिनं दार बंद केलं.

आता पंचाईत अशी की बाकीचे हलवता येत होते, ती नाही. पिल्लं स्वतःच्या पायांवर बाहेर पडेपर्यंत महिना तरी लागणार. त्या रविवारी गुरुजी पुन्हा आले तेव्हा मायनं चहा आधी दिला नाही, आधी बोलली. "गुरुजी, सगळे निघून राह्यले. एक बाई तेवढी बाळंतीण हाये."

गुरुजींना आता तिची भाषा समजायला लागली होती. "कोणत्या कोपऱ्यात?"

त्यांनी नकाशा काढून पाहिला. तो कोपरा घराच्या मागच्या अंगाचा. तिथे फक्त सांडपाण्याची टाकी येणार होती. ते बराच वेळ नकाशाकडे आणि कोपऱ्याकडे पाहत राहिले. "टाकी शेवटी खोदू," ते म्हणाले. "कंत्राटदार बोंबलेल थोडा. त्याला काय सांगू?"

"घरात बाळंतीण हाये म्हना," माय म्हणाली. "खोटं थोडीच हाये?"

*

बाकीचे पिंजऱ्यांत घालून, वरून मायचं जुनं लुगडं पांघरून आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं आर्वीला निघालो. नवऱ्याचं त्या भागात लसीकरण होतं, तो पुढे गेला होता. गाडीत गर्दी होती. पिंजरे आम्ही पायांपाशी ठेवले. कंडक्टर आला, लुगड्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, कोंबड्या काय?"

"नाई बाप्पा. उंदीर."

आजूबाजूच्या तीन-चार बाकांवरचे पाय एकदम वर गेले. कंडक्टरला ती थट्टा वाटली. तो हसून तिकीट फाडणार तेवढ्यात लुगड्याखालून टप-टप-टप असा आवाज आला.

"हे काय वाजून राह्यलं?"

"पाय आपटतेत. भेले हायेत." मायनं लुगड्याचा एक कोपरा उचलला. कंडक्टर वाकला. मग मागच्या बाकावरची एक बाई वाकली, तिच्या मागून तिचा सासरा. "अगं बाई, डोये पाहा ना ह्याचे!" ती बाई म्हणाली. "शेपटीले गोंडा हाये!" सासऱ्यानं विचारलं, "हे औषधी असते काय?" माय म्हणाली, "नाई. नुसतेच हायेत." थोड्या वेळानं पाय खाली आले. कोणीतरी खिडकी लावून घेतली, गार वारा लागू नये म्हणून, आणि उरलेल्या रस्त्यात सगळे जरा हळू आवाजात बोलत राहिले.

आर्वीच्या स्टँडवर नवरा ओळखीच्या माणसाची जीप घेऊन उभा होता. पुढचा रस्ता चढाचा. शेवटी गवत आणि नुसतं गवतच. पवन्या आणि कुसळी, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकलेली, आणि त्यात पांढऱ्या गायींच्या पाठी. घरची म्हातारी, मायच्याच वयाची, अंगणात उभी होती. तिनं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

"इकत घेतले काय?"

"नाई वं बाई. शेजारी होते माह्ये."

त्या म्हातारीला ते उत्तर पटलं असावं, कारण तिनं पुढे काहीच विचारलं नाही. "इतक्या माळात तुमच्या चार जीवायचं काय वझं?" ती म्हणाली. "सोडा."

मी आधी सगळा उतार फिरून पाहिला. जिथे ताजी बिळं होती ती जागा सोडून दिली, कारण तिथल्यांनी नव्यांना मारून हाकललं असतं. वरच्या अंगाला, बोरीच्या जाळीखाली, जुनी ओस पडलेली बिळं होती. नवऱ्यानं सब्बल घेऊन ती आणखी खोल केली. बुटांतच, पण केली. प्रत्येक बिळात आम्ही कूलरमधलं त्यांचंच कातरलेलं गवत ठेवलं, म्हणजे ओळखीचा वास राहील. दिवस कलला तसे एकेकाला आत सोडून तोंडाशी सैल माती लावली.

मग मायनं मला तो प्रश्न विचारला. "हे जगतीन ना?"

मी खोटं बोलू शकले असते. "सगळे नाही माय. नवी जागा असते. कुठे लपायचं, कुठे खायचं, काही ठाऊक नसतं. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतात. काही मरतील."

ती गवतात बसली. लुगड्याची घडी तिच्या मांडीवर होती. "मी तुह्याकडे आली ना," ती म्हणाली, "तवा मले लय दिवस झोप नाई लागली. पंख्याचा आवाज वेगळा, भिंत वेगळी. कोन्या कुशीवर वळलं का दार दिसते तेच समजे नाई. तुले वाटंन का माय रडते, म्हनून सांगतलं नाई."

मला हे अजिबात माहीत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. तिचा हात धरला. ती आपल्याच नादात बिळांकडे पाहत होती. एका बिळाची माती हलली, आतून नाक बाहेर आलं, वाऱ्याचा वास घेतला आणि पुन्हा आत गेलं. मग आतून त्यानं स्वतः माती लोटली आणि आम्ही लावलेलं ओबडधोबड दार आपल्या पद्धतीनं नीट बंद केलं.

"पाह्यलं?" माय म्हणाली. "आपलं काम पसंत नाई पडलं त्याले."

*

होळीच्या आधी आम्ही पुन्हा तिथे गेलो. मायला त्या म्हातारीकडे जायचंच होतं. दोघींचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं, आणि त्यात गोंडेवाल्यांपेक्षा गुडघेदुखी जास्त असायची. आम्ही सोडलेल्या बिळांपैकी बरीच ओस होती, एकात तर कोळ्यानं जाळं विणलं होतं. जवळच खोकडाची वाळकी विष्ठा पडली होती. मी काडीनं ती फोडली, तर आत भुरे केस आणि बारीक दात निघाले. मी ते मायला दाखवलं. तिनं पाहिलं, मान हलवली आणि पुढे चालायला लागली. बोरीच्या जाळीच्या मागच्या अंगाला, जिथे आम्ही काहीच खोदलं नव्हतं, तिथे ताज्या मुरमाचे ढीग होते. एक, दुसरा, थोडं पलीकडे तिसरा. आमचेच होते की तिथले, कसं सांगणार? मी तसं म्हटलंही. माय खाली बसून एका ढिगावर हात फिरवत होती. तोंडाशी, मातीत थोडं दबलेलं, कूलरचं पिवळट गवत होतं. तसं गवत त्या टेकडीवर उगवत नाही. तिनं ते मला आणि सोबत आलेल्या त्या म्हातारीला दाखवलं आणि दोघी म्हाताऱ्या लहान पोरींसारख्या एकमेकींच्या खांद्याला धरून हसत सुटल्या.

भिंतीकडच्या बाळंतिणीचं सगळं ठीक झालं. प्लॉटात खांब उभे राहिले, विटा आल्या, पाण्याच्या टाक्या आल्या आणि त्या गोंधळातच एका संध्याकाळी चार पिल्लं बाहेर आली. अंगापेक्षा पाय मोठे, उडी मारायला जावं आणि कोलांटी व्हावी अशी गत. पुढच्या काही दिवसांत ती आईमागून कधीतरी पलीकडच्या रिकाम्या प्लॉटात निघून गेली. आम्हाला जाताना दिसली नाहीत. कोपऱ्यातलं बिळाचं तोंड बरेच दिवस उघडंच राहिलं तेव्हा मायनं स्वतः गुरुजींना फोन केला. "खोदा आता. घर खाली झालं."

आता गुरुजी तिथे राहायला आले आहेत. त्यांच्या बायकोला उंदरांची इतकी धास्ती, की पहिल्याच दिवशी त्यांनी मागचं दार आतून बंद करून त्याच्या फटीत फडकी कोंबली. मायनं त्यांना काही समजावलं नाही. एक दिवस नुसतं म्हणाली, "या ना, चहा प्या." आमची मागची पायरी जमिनीलगत आहे म्हणून त्या प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. आता रोज येतात. पाय अजून वरच असतात, पण परवा मी कॉलेजातून आले तर दोघी पलीकडच्या प्लॉटाकडे तोंड करून बसल्या होत्या, मी हाक मारणार तोच त्यांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हो मॅडम," त्या कुजबुजल्या, "आता निघतीलच."